आटलेल्या गाईची धार

“आणि गाडी उद्याच आली तर?”

या एका प्रश्नाने शाल्मलीची गेल्या तीन आठवड्यांची झोप खाल्ली होती. गाडी येत नाही म्हणून लोक तळमळतात. हिची तऱ्हाच वेगळी.

गाडी विजेवरची, परदेशी बनावटीची, सोसायटीत कोणाकडे नसलेली. फेब्रुवारीत नोंदवली, मेमध्ये मिळणार होती. मेचा जून झाला, जूनचा जुलै, मग ऑगस्ट. शोरूममधले भिसे दर वेळी दिलगिरी व्यक्त करायचे आणि दर वेळी नवी तारीख द्यायचे. पहिल्या दोन तारखांना ती त्यांच्यावर चांगलीच उखडली होती. अलीकडे तारीख पुढे ढकलली, की तिच्या छातीवरचा धोंडा उतरायचा. आणि उतरला म्हणून तिला लाज वाटायची.

कारण लांज्याजवळच्या गावात एकट्या राहणाऱ्या बाबांना तिने सांगून ठेवलं होतं, गाडी आली की येतो. सहा वर्षांच्या जुईलाही तेच सांगितलं होतं. जुई कॅलेंडरवर रोज एक फुली मारायची. तारीख हलली, की नवीन तारखेभोवती गोल काढायची आणि परत फुल्या सुरू. कुरकुर नाही.

बाबा जुलैत गेले. झोपेतच.

जुईला अजून सांगितलेलं नव्हतं. तेरा दिवस तिला नणंदेकडे ठेवलं, आई कामाला गेलीय म्हणून. आजोबांचा फोन बिघडलाय म्हणून. नवरा म्हणाला होता, मी सांगू का? शाल्मली म्हणाली, नको, मी सांगते. मग तिने लहान मुलांना मृत्यू कसा सांगावा यावरची तीन पुस्तकं मागवली. सरळ, साध्या शब्दांत सांगा, असं तिन्हींमध्ये होतं. तिन्हींमध्ये तिने त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली. सांगितलं मात्र नाही.

गाडी आली, की जुई बूट घालून दारात उभी राहणार होती. चला आजोबांकडे.

म्हणून एका गुरुवारी ती जुईला घेऊन नीरेकाठी अक्कांच्या मठीत गेली. एसटीनेच. जुनी गाडी मार्चमध्येच शोरूमला देऊन टाकली होती, नवी येणारच म्हणून.

मठी म्हणजे एक खोली, एक कडुनिंब, एक गोठा. अक्का सत्तरी ओलांडलेल्या. अंगारा देत नाहीत, हात बघत नाहीत. बारा वर्षांपूर्वी एम. ए.च्या प्रबंधासाठी शाल्मली इथे वही घेऊन यायची. अक्कांची एक जुनी रीत होती. दुपारचं जेवण वाढलं, की एक पान जास्तीचं, अतिथीचं. मग फाटकाशी तीन हाका. मग एका गाईची धार काढायला लागेल तेवढा वेळ वाट बघायची. कोणी आलं तर ते जेवणार. नाही आलं, तर पान गाईला. शाल्मलीने तेव्हा स्टॉपवॉच लावून ती वाट मोजली होती आणि तळटीपेत लिहिलं होतं, सरासरी अकरा मिनिटे. परीक्षकांनी त्या तळटीपेचं कौतुक केलं होतं. तिने ते कौतुक अक्कांना वाचूनही दाखवलं होतं. अक्का तेव्हा भाकरी थापत होत्या. थापत राहिल्या.

आज अक्का पत्रावळी मांडत होत्या. चार. तिघींच्या तीन, चौथी उंबऱ्याजवळ.

“अक्का, आमची गाडी कधी येईल?”

“लग्नाचं विचारतात. नोकरीचं विचारतात. गाडीचं तूच पहिली.” अक्कांनी चौथ्या पानाची कड सरळ केली. “यावी म्हणून विचारतेस, की येऊ नये म्हणून?”

शाल्मलीने पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे केला.

…

अक्कांनी जुईला जवळ बोलावून तिच्यावर काम सोपवलं. फाटकाशी जायचं आणि मोठ्याने तीनदा विचारायचं, कोणी उपाशी आहे का. दोन हाकांमध्ये कान देऊन ऐकायचं. घाई करायची नाही. एखादा हळू बोलणारा असतो.

जुई गेली. शाळेच्या प्रार्थनेला उभं राहावं तशी उभी राहिली.

“कोणी उपाशी आहे का…”

तेवढ्यात शाल्मलीने हलक्या आवाजात सगळं सांगून टाकलं. बाबांचं. फुल्यांचं. पुस्तकांचं. आणि प्लगचं.

प्लगचं तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

गाडी विजेवरची आहे हे कळल्यावर बाबांनी ओसरीवर पंधरा अँपियरचा प्लग बसवून घेतला होता आणि त्याचा फोटो पाठवला होता. तिने उलट कळवलं, बाबा, अशा गाडीला साधा प्लग चालत नाही, वेगळी लाइन लागते, नीट अर्थिंग लागतं. बत्तीस वर्षं वायरमन म्हणून खांबांवर चढलेल्या माणसाला तिने हे शिकवलं. बाबांचं उत्तर आलं, बरं.

मग त्यांनी मीटरपासून नवी लाइन ओढली. अर्थिंगसाठी स्वतः खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला. प्लगवर पाऊस येऊ नये म्हणून पत्र्याचं छप्पर केलं. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर ते प्लगचं बटण दाबून जुईला त्याच्यावरचा लाल दिवा दाखवायचे. बघ, आमच्याकडची तयारी झाली, तुमची गाडीच तेवढी यायचीय. जुई शाळेत शिकल्याप्रमाणे सांगायची, आजोबा, आता बंद करा, वीज वाया जाते. ते म्हणायचे, हो बाई. आणि बंद करायचे. हा दोघांचा रोजचा खेळ.

खड्डा खणल्यावर आठवडाभरात ते गेले. त्याचा याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तिने दोनदा विचारलं होतं.

“मी पोचले तेव्हा ओसरीवर माणसं होती,” शाल्मली म्हणाली. “आणि प्लगचा लाल दिवा लागलेला होता. बंद करायला हात नेला… आणि मागे घेतला. तेरा दिवस त्याच्यासमोरून जात-येत होते, अक्का. शेवटी घराला कुलूप लावलं, आणि तो तसाच.”

“अजून?”

“अजून.”

…

फाटकाशी तिसरी हाक झाली. जुई धावत परत आली आणि तिने अहवाल दिला, कोणी नाही, एक कुत्रा होता, पण तो झोपलेला होता.

अक्का उठल्या, खुंटीवरची चरवी घेतली आणि गोठ्यात गेल्या. शाल्मली जुईला घेऊन मागोमाग गेली. गाय तीच होती, बारा वर्षांपूर्वीची. आता पाठीचा कणा वर आलेला, डोळ्यांवर साय धरलेली. अक्का तिच्या कुशीला टेकून बसल्या, चरवी गुडघ्यांत धरली आणि त्यांचे हात चालू लागले. एक वर, एक खाली.

चरवीत काही पडत नव्हतं.

जुई उकिडवी बसून बघत राहिली. मग तिने चरवीत डोकावलं.

“अक्काआजी, दूध येतच नाहीये.”

“नाही येत.”

“मग कशाला काढता?”

“वाट बघायला.”

“चरवी तर भरणारच नाही. मग कळणार कसं किती वेळ बसायचं?”

“हाताला कळतं.”

जुईला हे पटलेलं दिसलं. तिने गाईच्या शेपटीवरची माशी हाकलली.

शाल्मलीला मात्र राहवेना. बारा वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी जागी झाली असावी. ती म्हणाली, गाय आटली तेव्हा ही रीत तशीही संपायला हवी होती. निदान घड्याळ लावायचं.

“गाय आटली,” अक्का म्हणाल्या. “उपाशी माणसं आटली नाहीत.”

हात चालूच होते.

“आणि कोणीच आलं नाही तर?” शाल्मली म्हणाली. “गाईला घालण्यापेक्षा पान झाकून ठेवायचं. संध्याकाळी कोणी येईल.”

अक्कांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. “अतिथीचं पान झाकायचं नसतं. झाकलं की दुसऱ्या दिवशी वास मारतं. घरभर.”

…

शाल्मलीचा फोन वाजला.

भिसे होते. आवाजात दिलगिरी नव्हती, म्हणजे तिला समजायचं ते समजलं. भिसे म्हणाले, मॅडम, अभिनंदन, गाडी आली, उद्या सकाळी अकराला या. हार आहे, केक आहे, फोटोग्राफर आहे. आणि एक विनंती. घरातलं कोणी वडीलधारं असेल तर जरूर आणा. चावी आम्ही त्यांच्याच हातात देतो. फोटो चांगला येतो.

ती हो म्हणाली, आभार मानले. आभार मानायची सवय तिची कुठेही सुटायची नाही.

फोन स्पीकरवर नव्हता. पण भिश्यांचा आवाज गोठाभर ऐकू जाईल असा होता. जुई उभी राहिली होती. तिचा चेहरा उजळायला हवा होता. शाल्मली त्या उजळण्याची वाट बघत राहिली. जुईने फ्रॉकला हात पुसले आणि ती गाईकडे बघत राहिली.

अक्कांचे हात थांबले.

“आला,” त्या म्हणाल्या.

“कोण?”

“ज्याची आपण वाट बघत होतो.” त्यांनी चरवी बाजूला ठेवली. “आता त्याला वाढ.”

“अक्का… मला जमणार नाही. मी तीन पुस्तकं वाचली…”

“दारात आलेल्याला तू नको होतास असं म्हणता येत नाही, पोरी.”

“उद्यापर्यंत तरी. फोटो होऊन जाऊ दे. ती एवढे दिवस थांबलीय, तिचा एक दिवस…”

“तिचा?”



गाय रवंथ करत होती. उंबऱ्याजवळच्या पानावर भाताची मूद निवत चालली होती. जुईने एकदा आईकडे पाहिलं, एकदा अक्कांकडे. विचारलं काहीच नाही. महिनाभरात तिने आजोबांचा फोन दुरुस्त झाला का हेदेखील एकदाच विचारलं होतं, हे शाल्मलीच्या आत्ता ध्यानात आलं. एकदाच. नंतर कधीच नाही.

अक्कांनी पुन्हा चरवी उचलली. आटलेल्या गाईच्या कुशीला पुन्हा डोकं टेकलं.

“मी परत धार काढायला बसते,” त्या म्हणाल्या. “ती होईतो तुला वेळ. अकरा मिनिटं… तूच मोजली होतीस.”

हात चालू लागले. एक वर, एक खाली.

शाल्मलीने जुईला कडुनिंबाच्या पारावर नेलं. आधी तिच्या बुटाची नाडी बांधली, ती सुटलेली नव्हती तरी. पुस्तकात वाक्य होतं तसंच तिने म्हटलं, सरळ, साध्या शब्दांत. आजोबा वारले. फोन बिघडला नव्हता. आई कामाला गेली नव्हती. आई खोटं बोलली. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नाही.

उरलेली दहा मिनिटं दोघी बसून राहिल्या.

जुई रडली नाही. तिने पारावरच्या निंबोळ्या गोळा केल्या, एका ओळीत मांडल्या, मग एकेक करून खाली टाकल्या. शाल्मली तिच्या पाठीवर हात ठेवायला गेली, पण ठेवावा की नाही हे तिला कळेना. पुस्तकात त्याबद्दल काही नव्हतं.

गोठ्यात चरवी खाली ठेवल्याचा आवाज आला. अक्का बाहेर येऊन दाराशी उभ्या राहिल्या.

शेवटची निंबोळी जुईच्या मुठीत होती. ती तिने टाकली नाही.

“आई,” ती म्हणाली, “मग लाल दिवा कोणी बंद केला?”