नारिंगाचा धनी

एका राज्यात समुद्र दरबाराच्या पायऱ्यांना येऊन भिडत असे, आणि राजा मानधवल स्वतःला त्याहून थोर समजत असे. त्या बंदराची रीत अशी, की ज्या देशाचं गलबत लागेल त्या देशाच्या बोलीत फळवाल्यांनी आरोळी द्यायची. राजाला ही रीत खुपली. नारिंग हा शब्द आपल्या पूर्वजांनी घडवला, परक्यांनी तो चोरला नि मोडला, असं त्यानं ठरवून टाकलं. विचारलं कुणाला? कुणालाच नाही. कंकाळ मांत्रिकानं लगेच शाप सोडला: मोडका शब्द उच्चारील त्याची वाचा जाईल.

भिवरा फळवालीची लेक गोजरा हिनं वाळूच्या देशाच्या गलबताकडे पाहून 'नारंज' अशी आरोळी दिली, आणि ती तिथेच मुकी झाली. गर्व राजाचा, गळा पोरीचा.

भिवरा दरबारात गेली. कंकाळानं तिला एक काळा खडा दिला. "तीन देशांच्या राजांना हा मुठीत धरायला लाव आणि शब्द कुठून आणला ते विचार. खोटं बोलेल तो मुका होईल. तिघं खरं बोलले, तर पोरीची वाचा परत."

चोर खरं कशाला बोलेल, असा त्याचा हिशेब.

बोलकी साळुंकी खांद्यावर घेऊन भिवरा निघाली. घोड्यांच्या देशाचा राजा 'नारंग' म्हणाला. तुमच्या व्यापाऱ्यांनी रोप दिलं, सोबत नावही दिलं, असं त्यानं सांगितलं. वाळूच्या देशात शब्द 'नारंज' झाला होता, आणि तो घोडेवाल्यांकडून आला होता. पश्चिमेच्या टोकाला राणी 'नारान्हा' म्हणाली. वाळूवाल्यांनी बागा लावल्या, तेव्हा तो इथे रुजला. तिघांच्याही जिभा शाबूत राहिल्या.

भिवरा परतली, तर राजानं कंकाळानं दिलेला शब्द फिरवला. नारिंग आमचंच ठरलं, तेव्हा शिक्षाही योग्यच ठरली, असं तो म्हणाला.

भिवरानं खडा त्याच्या हातात ठेवला.

"तीन परके खरं बोलले, महाराज. आपल्याला हा शब्द कुणी दिला?"

"आम्हाला देणारा कोण? आमच्या पूर्वजांनी घडवला."

खडा मुठीतच फुटला. शाप तुटला. राजानं तोंड उघडलं, पण नुसता वारा निघाला.

"डोंगरातले लोक तुझ्या पूर्वजांच्या आधीपासून नारिंग खातात आणि म्हणतातही," साळुंकी म्हणाली. "मी तिथलीच."

पायऱ्यांवरून गोजराचा आवाज आला. "आई, राजाला मुकं कुणी केलं?"

"त्यानंच."

कंकाळानं उतारा सांगितला: राजानं डोंगर चढावा, हात जोडावेत, शब्द मागून घ्यावा. हे राजाच्या इभ्रतीला शोभत नाही, असा प्रधानांनी निर्वाळा दिला. त्यामुळे राजा अजून गच्चीवर बसून आहे. हुकूम सुटत नाहीत, आणि राज्य सुखात आहे.