शेवंतीच्या मुळाशी कापशा

एका मुलखात एक राजा होता आणि एक माळीण होती. राजाचं नाव विसरलात तरी चालेल. माळणीचं नाव भिवरा, ते मात्र लक्षात ठेवा.

भिवराचं घर नदीकाठी. घरात दुसरं माणूस नाही. होता एक ससा, कापसाच्या बोंडासारखा पांढरा, म्हणून त्याचं नाव कापशा. भिवरा सकाळी हरळी कापून आणायची, त्याच्यापुढे टाकायची आणि मनातलं सगळं त्यालाच सांगायची. तो कान ताठ करून ऐकायचा. मध्येच बोलायचा नाही. असा ऐकणारा मिळायला नशीब लागतं, बरं का.

खाऊन झालं की मग कापशा लेंड्या टाकायचा. वाटाण्याएवढ्या, कोरड्या, गोल. हसू नका. भिवरा त्या वेचून थेट झाडांच्या मुळाशी घालायची. सशाचं खत गार असतं, शेणासारखं आधी कुजवावं लागत नाही, मूळ जळत नाही. पिंजऱ्यातलं ओलं गवत मात्र पालापाचोळ्याबरोबर परसातल्या खड्ड्यात जायचं. भिवरा ते खालीवर करायची, वर पाणी शिंपडायची. मग त्याचं व्हायचं खत, बुक्क्यासारखं काळंभोर.

आणि मग काय फुलायची तिची शेवंती! एकेक फूल परातीएवढं. दुधीभोपळ्याचं तर विचारूच नका. एकदा नदीला पूर आला, तेव्हा अख्खं वऱ्हाड तिच्या दुध्यावरून पैलतीराला गेलं. नवरदेव तर घोड्यावरून उतरलासुद्धा नाही. खोटं वाटत असेल तर घोड्याला विचारा.

तिथली रीत अशी, की ज्याची शेवंती सगळ्यांत सुंदर, त्याचा हार दसऱ्याला देवीच्या गळ्यात पहिला. दरवर्षी तो मान भिवराचा. राजाच्या बागेत शेवंतीच्या नावानं काड्या. राजाला अन्न गोड लागेना.

मग त्यानं भिवराला बोलावलं. "काय गं माळणी, झाडांना घालतेस तरी काय?"

"सशाच्या लेंड्या, सरकार."

दरबार खो खो हसला. राजा हसला नाही. त्यानं टोपलीभर लेंड्या मागवल्या. पुरोहितांनी नाकाला उपरणं लावलं. "शिव शिव! असलं काही राजाच्या बागेत? आधी शुद्ध करा!" मग नोकरांनी लेंड्या सात पाण्यांनी धुतल्या. सगळा कस गटारात गेला, चोथा शेवंतीला मिळाला. शेवंती वाळली. गटारातला टाकळा मात्र राणीच्या सज्ज्यापर्यंत वाढला.

मग राजा म्हणाला, "ससाच आणा."

भिवरानं पाय धरले. "खत हवं तेवढं न्या, सरकार. मी रोज आणून घालते. त्याला नका नेऊ."

"अगं, रानात ढीगभर ससे आहेत. दुसरा धर."

"रानातले माझं ऐकून घेत नाहीत, सरकार."

पण नेला. चांदीच्या पिंजऱ्यात ठेवला. पुढ्यात शिरा, बासुंदी, बदाम. भिवरा रोज गवताची पेंढी घेऊन वाड्याच्या दाराशी यायची. "एवढं तरी घाला हो त्याला. शिऱ्यानं मरेल तो."

पहारेकरी म्हणायचा, "राजाचा ससा गवत खातो होय? चल, नीघ!"

मग कापशाचं पोट फुगलं. कान पडले. लेंड्या बंद झाल्या.

राजा चिडला. म्हणाला, "लेंड्या टाकत नाही ना? मग अख्खा ससाच टाका मुळाशी. लेंड्यांत एवढी ताकद, तर सशात किती असेल!"

आणि टाकला.

दुसऱ्या दिवशी भिवरा पेंढी घेऊन आली, तेव्हा पहारेकऱ्यानं मान खाली घातली. तिनं एवढंच विचारलं, "कुठं?" त्यानं शेवंतीचा मधला वाफा दाखवला.

ती घरी गेली. खड्ड्यातलं काळं खत टोपलीत भरलं. आता कापशाचं म्हणून तेवढंच उरलं होतं. मग रोज एकेक टोपली आणून ती त्या वाफ्यावर पसरायची, अंगावर पांघरूण घालावं तशी. पसरता पसरता त्याला सगळं सांगायची. कुणी अडवलं नाही. राजाची बाग फुकट राखली जात होती ना.

तिच्या घरची शेवंती उपाशी राहिली. मधला वाफा मात्र असा फुलला, असा फुलला, की हार वाहायला हत्ती लागला. देवीच्या गळ्यात पहिला हार राजाचा.

"बघा!" राजा मिशीला पीळ देत म्हणाला. "म्हटलं नव्हतं? अख्खाच घालावा लागतो." पुरोहितांनी मान डोलावली.

राजा मनानं मोठा, बरं का. त्यानं भिवराला बक्षीस दिलं, सोन्याचा ससा. कान तसेच ताठ, डोळे माणकांचे. भिवरानं तो घरी नेऊन पिंजऱ्यात ठेवला. सवयीनं पुढ्यात गवत टाकलं. सकाळी पाहिलं, तर गवत तसंच. मग तिनं पिंजऱ्याकडे पाठ केली आणि पुन्हा कधी कुणाला काही सांगितलं नाही.

राजा सुखात राहिला. राणी सुखात, पुरोहित सुखात. भिवराही सुखात राहिली असं म्हणूया, नाहीतर गोष्ट संपायची नाही. मिटा आता डोळे. आणि सकाळी उठलात की आधी आपल्या सशाला गवत घाला. गवतच घाला हं.