उडते पाट आणि सावकाश हैबती

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्यातल्या राजाचं नाव आता कोणालाच आठवत नाही. त्याची पत्रं पोचवणाऱ्या जासुदाचं नाव मात्र मला पक्कं ठाऊक आहे. हैबती.

हैबती म्हणजे राज्यातला सर्वांत सावकाश माणूस. चालायला सावकाश, बोलायला सावकाश आणि जेवायला तर विचारूच नका. त्या मुलखात रीत अशी, की शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत पंगतीतून कोणी उठायचं नाही. त्यामुळे हैबती दिसला, की लोक दुसऱ्या पंगतीत जागा शोधत.

असला माणूस जासूद कसा, असं तुम्ही विचाराल. ती राणीची हुशारी. राजा मनाचा चांगला, पण डोक्याचा भडकू. वर्षातून एकदा तरी तो शेजारच्या राजाला लढाईचं पत्र लिही. राणी ते मुद्दाम हैबतीकडे देई. दोन राज्यांमधल्या घाटाच्या पायथ्याशी पोचायला त्याला तीन दिवस लागत आणि चौथा दिवस तो वडाखाली पाय चोळत बसे. तोवर राजाचा राग उतरे आणि घोडेस्वार येऊन म्हणे, "हैबतीबाबा, चला परत!" तीस वर्षांत एकही पत्र घाट चढलं नाही. हैबतीलाही तेच हवं होतं, कारण त्याची एकुलती लेक शेजारच्या राज्यात दिलेली होती.

एके दिवशी कुठूनसा एक सुतार दरबारात आला. त्याने बनवलेल्या पाटावर बसायचं, गावाचं नाव घ्यायचं, की डोळ्याचं पातं लवायच्या आत पाटासकट माणूस तिथे! राजाने घरोघरी पाट वाटले. शेजारच्या राजानेही तेच केलं.

पहिले काही दिवस मोठ्या मजेत गेले. सुईण वेळेवर पोचू लागली. हैबतीची लेक रोज दुपारी बापाकडे ताक प्यायला येऊ लागली, आणि खोटं कशाला बोला, हैबतीलाही पाटाचं फार कौतुक वाटलं. पण जावईसुद्धा रोज दोन्ही वेळा सासुरवाडीला जेवायला उगवू लागले. बाजाराची तर पार रया गेली. वांगी सर्वांत स्वस्त असत त्या गावी सगळी गिऱ्हाइकं जमत, आणि सर्वांत महाग असत त्या गावी सगळे माळी टोपल्या मांडून बसत. एका गावात नुसत्या पिशव्या, दुसऱ्या गावात नुसती वांगी! दोघेही एकमेकांना शिव्या घालत घरी परतत.

राजाने हैबतीला सांगितलं, "आता तुझ्या पायांचं काही काम नाही. घरी बस." हैबती घरी बसला.

पुढच्याच महिन्यात शेजारच्या राजाकडे लग्न होतं. पंगतीत आमच्या राजाच्या भातावर तूप वाढायचं राहून गेलं. झालं! घरी येताच त्याने पत्र लिहिलं, "उद्या तुझं राज्य बेचिराख करतो." शाई वाळायच्या आत पत्र पोचलं, आणि लेखणी खाली ठेवायच्या आत उत्तर आलं, "ये तर खरा!"

सूर्योदयाला राजा फौजेसह शेजारच्या राजधानीत उतरला, तर तिथे लढायला कोणीच नाही. कारण त्याच क्षणी शेजारचा राजा आपली फौज घेऊन इकडे उतरला होता. दोघे चिडून परतले, तर पुन्हा तेच. वांग्यांच्या बाजाराची जी गत, तीच लढाईची झाली. तिसऱ्या फेरीला इकडे उतरल्यावर शेजारचा राजा ओरडला, "आता हलायचं नाही! तो येईपर्यंत इथेच थांबा!"

वेशीजवळ उभ्या असलेल्या हैबतीने ते ऐकलं. आता रक्त सांडणार, आणि लेकीचा पाट पुन्हा कधी आपल्या अंगणात उतरणार नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तो भरभर चालला. राणीकडे जाऊन म्हणाला, "राणीसाहेब, भात टाका. आणि असेल नसेल तेवढं तूप बाहेर काढा."

सुदैवाने तिकडे आमची फौजही दमून बसली होती. भात शिजला तशी राणी शत्रूसमोर आली. "लढाई होईल तेव्हा होईल," ती म्हणाली, "दारचा पाहुणा उपाशी राहिला तर आम्हांला कमीपणा. जेवून घ्या." पहाटेपासून उपाशी असलेली फौज आपापल्या पाटांवर बसली. त्यांचा राजाही बसला. टोकाला हळूच हैबती येऊन बसला.

इतक्यात आमचा राजा परतला. पण जेवणाऱ्यावर तलवार कशी उपसणार? "उरका लवकर," तो गुरगुरला. सगळ्यांचं उरकलं. हैबतीचं अजून पहिला भात कालवणं चाललं होतं. एक घास, मग घोटभर पाणी, मग पुन्हा लिंबू पिळणं. ऊन कललं. तुपाचा वास सहन होईना, तेव्हा आमची फौजही पंगतीत बसली. राजालाही नाइलाजाने शेजाऱ्याच्या शेजारीच बसावं लागलं.

हैबतीने तिसऱ्यांदा ताक मागितलं, तेव्हा शेजारचा राजा खाली बघत पुटपुटला, "दादा, त्या दिवशी आमचं तूपच संपलं होतं हो. सांगायची लाज वाटली."

"अरे, मग तेवढंच सांगायचं होतंस!" राजा हसला, आणि डाव्या हाताने तुपाची तपेली उचलून त्याने शेजाऱ्याच्या पानात तूप वाढलं.

तेव्हा कुठे हैबती हात धुवायला उठला.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. सुईण, वैद्य आणि माहेरवाशिणी पाटाने जातील, वांगी पूर्वीसारखी बैलगाडीने जातील, आणि रागाचं पत्र फक्त हैबती नेईल. राणीने त्याला नव्या वहाणा दिल्या, मुद्दाम दोन बोटं मोठ्या.

तात्पर्य: माणसाने हवं तर क्षणात पोचावं, पण राग मात्र नेहमी पायी पाठवावा.