दगडी डाळिंबांचे कुंपण

एका राज्यात डाळिंबाच्या दोन बागा होत्या. एक शालवतीची, दुसरी भद्रसेनाची. मध्ये कुंपण एकच. दोघांचे वडील होते तोवर दर हिवाळ्यात ते मिळून कुंपण बांधत; एकाच्या मेढी, दुसऱ्याच्या कामट्या. त्या दिवशी दोन्ही घरची चूल बांधावर पेटे, आणि संध्याकाळ झाली तरी कुणाचा पाय निघत नसे.

वडील गेले. कुंपण मोडले. शालवतीने निरोप धाडला, "अर्धा खर्च द्यावा." उत्तर आले, "गाई तुमच्या. कुंपण तुम्हीच घाला."

त्या खिंडारातून एका मांत्रिकाचे हरीण आत शिरले आणि विहिरीत पडून मेले. मांत्रिकाने शाप दिला. दोन्ही बागा दगडाच्या झाल्या. झाडे, पाने, फळेसुद्धा.

शालवती राजाकडे गेली. राजा म्हणाला, "सामाईक कुंपणाचा खर्च दोघांनी निम्मा निम्मा सोसावा, हा या राज्याचा कायदा. त्याचा वाटा मी वसूल करवतो."

राजाच्या खांद्यावरचा हळद्या पक्षी बोलला, "महाराज, वसुलीने शाप सुटणार नाही. राक्षसाच्या रानातल्या मेढी हव्यात. नागाच्या बेटातला बांबू हवा. आणि शेजाऱ्याने आपखुशीने हात लावायला हवा."

राक्षसाने मेढींच्या बदल्यात तिचे केस मागितले. तिने कापून दिले. नागाने बांबूच्या बदल्यात तिच्या वडिलांचा आवाज मागितला. शालवतीने डोळे मिटून वडिलांची हाक एकदा मनात ऐकली. मग म्हणाली, "घे." त्या क्षणापासून तिला वडिलांचा चेहरा आठवे, आवाज आठवेना.

गाडी घेऊन ती भद्रसेनाच्या दारी उभी राहिली.

"राजाज्ञा आणलीस?" त्याने विचारले.

"नाही. बोलवायला आले आहे."

भद्रसेनाचा स्वर उतरला. "तुझे वडील होते तेव्हा बांधावरून हाक यायची. ते गेल्यावर तुझ्याकडून नुसता निरोप आला. मला ते फार लागले."

"चुकले माझे," शालवती म्हणाली. "बाबा कशी हाक मारत, सांगाल? माझ्याकडून तो आवाज नागाने नेला."

भद्रसेन तिच्या कापलेल्या केसांकडे पाहत राहिला. मग त्याने पहार उचलली, बांधावर गेला, आणि छाती भरून ओरडला, "भद्राऽऽ, ये रे, मेढ धर!"

"असेच?"

"याहून गोड."

दोघांनी खड्डे खणले, मेढी रोवल्या, कामट्या विणल्या. शेवटची गाठ बसली आणि दगडी फांद्यांतून रस वाहू लागला. डाळिंबे लालबुंद झाली. मांत्रिकाचा शाप सुटला, राजाने खटला मिटवला, आणि हिवाळा आला की बांधावर पुन्हा चुली पेटू लागल्या. त्या बागा सुखाने बहरल्या. ऐकणाऱ्यांचे अंगणही तसेच बहरो.