हार नको, टाकी बघ

इंजिनं जेव्हा मालकाला तोंडावर बोलायची, तेव्हाची ही गोष्ट.

बुधाजी तांडेलाने पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढली, इंजिनावर गोणपाट टाकलं आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही. नारळी पुनवेला मात्र ऐटीत आला. इंजिनाला कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि हँडल मारलं. इंजिन गप्प. बाकीच्या होड्या फटफटत निघाल्या. मोसमातली पहिली मासळी आता त्यांचीच.

"सुरू हो रे मेल्या! नाहीतर भंगारात घालीन."

"घाल," इंजिन म्हणालं. "टाकीत शिळं डिझेल, त्यात पावसाचं पाणी. धुराड्यात उंदरांचं बिऱ्हाड. भर समुद्रात बंद पडलो, तर पोहत येशील का?"

"एवढी पूजा केली ती फुकट?"

"पूजा केलीस, पण टाकी उघडलीस का?"

बुधाजीने हातोडा उचलला.

"हाण. फुटेन, पण हे पाणी पिणार नाही."

त्याची बायको चांगुणा रिकामी टोपली घेऊन उभी होती. ती म्हणाली, "अहो, ते खरं बोलतंय. हातोडा ठेवा, पाना घ्या."

बुधाजीने चरफडत टाकी उपसली, धुराडं साफ केलं, ऑइल बदललं, ताजं डिझेल भरलं. पहिल्याच हँडलला इंजिन धडधडलं. बुधाजी खूश होऊन हार सारखा करायला गेला.

"हाराचं राहू दे," इंजिन म्हणालं. "पुढच्या पावसाआधी टाकी रिकामी करायला ये. नाही आलास, तर असाच बसेन."