महाराजांच्या बुडाखालची चूल

रथ पेटला आणि कोठडीत गेला सारथी!

कीर्तिसेन राजाच्या राज्यात हे असंच चाललं होतं. रथशाळेचे अधिकारी रंगोपंत यांनी सगळ्या रथांच्या चाकांना मधोमध पितळी टोपणं ठोकली होती. दिसायला झकास! महाराजांना तर त्यात स्वतःचा चेहरा दिसे, त्यामुळे ते बेहद्द खूश. पण टोपणं इतकी गच्च बसली की आसाला तेल घालायला जागाच उरली नाही. कोरडा आस करकरायचा, तापायचा, आणि लांबच्या पल्ल्यावर एखादा रथ धडधडा पेटायचा.

तक्रार करायची कचेरीही रंगोपंतांचीच! कुणी राख घेऊन गेला तर पंत विचारत, "ही रथाचीच कशावरून? तुझ्या घरच्या चुलीतली असेल!" कुणी धुमसता रथच ओढत नेला तर म्हणत, "अजून जळलाय कुठे? पुरता जळला की या!" त्यामुळे पंतांच्या दप्तरी राज्यात आजवर एकही रथ जळलेला नव्हता.

अशातच सटवाजी सारथ्याचा रथ पेटला. त्या भल्या माणसाने प्रवासी उतरवले, घोडे सोडवले आणि त्या गडबडीत स्वतःच्या मिशा होरपळून घेतल्या. पंतांनी मिशांकडे पाहिलं आणि निकाल दिला, "याच्याच चिलमीने आग लागली!"

सटवाजीची लेक ठकू पापड लाटून विकायची. जीभ पापडांहून तिखट! ती तडक दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, माझा बा चिलीम ओढत नाही. मी चूल फुंकली तरी त्याला ठसका लागतो! आग तुमच्या रथांतच आहे!"

"आमच्या रथात?" महाराज कडाडले. "उद्या आम्ही रथातूनच डोंगरावरच्या देवीला जाणार आहोत!"

"नका जाऊ, महाराज!"

"बघा, बघा! पोरगी धमकी देते!" रंगोपंत म्हणाले.

महाराज हट्टाला पेटले. "ऐक पोरी! रथात विस्तव आहे असं रंगोपंत स्वतःच्या तोंडाने म्हणाले, तरच आम्ही मानू. तूही चल उद्या. पण रथाला ओरखडा काढायचा नाही, जवळ काडी, ठिणगी, निखारा काही ठेवायचं नाही. हरलीस तर बापलेक दोघं हद्दपार!"

दरबार खो खो हसला. रंगोपंतांनी तर लगेच दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं!

"कबूल," ठकू म्हणाली खरी. पण बापाशिवाय तिला होतं कोण? आणि रंगोपंत आपल्या तोंडाने आपली चूक कबूल करतील? घरी येऊन ती पोळपाटाशी बसली. लाटता लाटता एकदम थांबली, आणि गालातल्या गालात हसली.

सकाळी शिपायांनी तिची टोपली उपसून पाहिली. कच्च्या पापडांची चवड, दुसरं काही नाही. महाराज आणि पंत आत बसले, ठकू मागच्या पायरीवर. रथ निघाला. करर्र, करर्र!

"वा! थंडीचे दिवस, पण बूड कसं उबदार आहे!" महाराज म्हणाले.

"आपल्या पुण्याईची ऊब, महाराज!" पंतांनी मान डोलावली.

देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी रथ थांबला. ठकू उतरली, चाकाआड वाकली आणि क्षणात महाराजांपुढे पापड धरला. खरपूस, गरमागरम!

कुर्रम! "वाहवा! आण आणखी एक!"

रंगोपंतांचे डोळे लकाकले. भाजलेला पापड! पोरगी आयतीच सापडली!

"महाराज, हिने अट मोडली! हिच्याकडे विस्तव आहे!"

"माझ्याकडे कुठला विस्तव, पंत?"

"विस्तवाशिवाय पापड भाजतो होय गं? घ्या झडती!"

शिपायांनी टोपली झटकली, झाडाखाली पाहिलं, दगड उलटे केले. काही नाही!

"मी तर रथापासून पाऊलभरही हलले नाही," ठकू भाबडेपणाने म्हणाली.

"मग रथातच आहे!" पंत गरजले. "विस्तव रथातच आहे! छातीठोक सांगतो, महाराज, रथातच!"

महाराजांचा घास तोंडातच राहिला.

ठकूने हात जोडले. "ऐकलंत, महाराज? पंतांच्या स्वतःच्या तोंडून!"

तिने टोपलीतला कच्चा पापड उचलला आणि पदराने चाकाच्या पितळी टोपणावर दाबला. चर्रर्र! बघता बघता पापडावर फोड उठले.

"ही हातचलाखी आहे!" म्हणत पंतांनी टोपणाला हात लावला. "आई आई गं!" आणि एका पायावर नाचू लागले.

"म्हणजे आम्ही इतका वेळ..." महाराज अर्धवट उठले.

"चुलीवर बसून आलात, महाराज! ती पुण्याईची ऊब नव्हती!"

महाराजांनी टुणकन खाली उडी मारली. चाकातून धुराची बारीक रेघ निघत होती. त्यांनी रेघेकडे पाहिलं, नाचणाऱ्या पंतांकडे पाहिलं, हातातल्या पापडाकडे पाहिलं आणि असे हसत सुटले की मुकुट कानावर आला!

"सटवाजीला आत्ता सोडा! सगळी टोपणं उपटा, आणि ते पितळ या पोरीला द्या! आजपासून रथांची तक्रार हीच ऐकेल! आणि पंत प्रत्येक रथाला स्वतःच्या हाताने तेल घालतील!" मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, "पण ठकू, आता आम्ही परत कसं जायचं?"

"पायी, महाराज! येताना पापड भाजला, जाताना आपली पाळी!"

महाराज पुन्हा पोट धरून हसले, तिच्या टोपलीतला आणखी एक पापड त्यांनी पंतांसमोर टोपणावर भाजून घेतला, आणि तो कुरुकुरु खात पायीच निघाले.