देव कोरडा राहतो तो दिवस

कातळवाडीच्या लिंगेश्वराच्या देवळात कौल लावत नाहीत. आजूबाजूच्या गावांत देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणे घालतात, आणि उजवी पाकळी आधी पडली की देवाचा होकार धरतात. इथला पाषाण मात्र स्वच्छ धुतलेला. बाहेरगावचे लोक नवल करतात, पण नवल खरे तर याचे करावे की हा गाव एकेकाळी देवाला उठल्याबसल्या प्रश्न विचारी आणि ऐकायचे तेवढेच ऐके.

फार जुनी गोष्ट आहे, असे सांगतात. आवडी ही देवळाच्या गुरवाची विधवा. पूजा तिचा मुलगा विश्राम करी, पण झाडलोट, फुले आणि कौलाच्या पाकळ्या भिजवणे हे चाळीस वर्षे आवडीचेच काम. त्या साली वैशाखात विहिरी आटल्या. प्यायचे पाणी दोन कोसांवरच्या नदीतून आणावे लागे. देवळामागच्या झऱ्याला दिवसाकाठी एक कळशी पाणी येई, आणि ते देवाचे, असा नियम. देवावरच्या तांब्याच्या कलशात ते ओतायचे, म्हणजे दिवसभर थेंब थेंब अभिषेक चाले. माणसांची नरडी कोरडी, पाषाण ओला, आणि याला गाव भक्ती म्हणे!

विश्रामची बायको शेवंती दिवस भरत आलेली. एका सकाळी झऱ्यावर तिला भोवळ आली आणि देवाची कळशी भरायच्या आधीच ती ओंजळभर पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी झरा आटला. आता वैशाखात झरा आटायला कोणी पाणी प्यावे लागते काय? पण गावाला कारण हवे होते, आणि ते आयते पोट घेऊन समोर उभे होते.

त्याच दिवशी भर दुपारी मानकरी देवळात जमले. शेवंतीला सभामंडपात उभे केले, विश्रामला कौल लावायला बसवले. नवऱ्यानेच बायकोवर! त्याने मुकाट पाकळ्या चिकटवल्या, आणि याचा राग आवडीला शेवटपर्यंत गेला नाही म्हणे. देव कोपला काय, असे विचारले. उजवी पाकळी पडली. शेवंतीला बाळंत होईपर्यंत शिवेबाहेर घालायचे काय, असे विचारले. पुन्हा उजवी पडली. आणि एवढ्या माणसांनी, ज्यांच्या घरी लेकीसुना होत्या, एका सुरात म्हटले, "व्हय महाराजा!"

खांबाला टेकलेल्या आवडीच्या मस्तकात तिडीक गेली. चाळीस वर्षे ज्याचे अंगण झाडले, नवरा गेला तेव्हा ज्याच्यापुढे बसून रडली आणि हलकी होऊन उठली, त्याच देवावर हे लोक असले बालंट घेत होते. ती तडक गाभाऱ्यात शिरली. बाईमाणसाने तिथे पाऊल टाकायचे नव्हते. तिने पाषाणावरच्या उरलेल्या पाकळ्या पुसून काढल्या.

"देव कोपलो? ओंजळभर पाण्यासाठी?" ती कडाडली. "ह्यो पाकळ्यो मिया भिजवतंय. सुकली की पडता. तेतूर देवाचो राग खय इलो? आणि इचारतास काय, तर राग आसा काय! माया आसा काय, ह्यां कोणी इचारल्यान?"

"मगे तू इचार," मानकऱ्यांतला थोरला गावकर उपहासाने म्हणाला. "लाव कौल."

"मिया इचारूचंय नाय. माका ठावक आसा."

एवढ्यात शेवंतीने खांबाला मिठी मारली. भीतीने म्हणा, उन्हाने म्हणा, तिला कळा सुरू झाल्या होत्या. पुरुष बाहेर पळाले. तिथेच सभामंडपात मुलगी जन्मली. पण तिला न्हाऊ घालायला आणि शेवंतीच्या ओठाला लावायला पाणी कुठले? देवावरच्या कलशात आदल्या दिवशीचे तेवढे उरले होते. आवडीने कलश काढला. बाहेरून आरडाओरड झाली, देव कोरडा पडेल, गाव बुडेल!

"बापूस तानेलो ऱ्हवात," आवडी म्हणाली, "पण पोराक तानेला ठेवचो नाय. माझो देव असोच आसा. तुमचो कोण आसा, ता तुमी बघा."

तिने शेवंतीला पाणी पाजले, बाळाला न्हाऊ घातले आणि रिकामा कलश परत देवावर टांगला. सकाळी बघतात तो कलश काठोकाठ भरलेला. कोणी म्हणतात, देवानेच भरला. कोणी म्हणतात, विश्रामला लाज वाटली आणि तो नदीवर जाऊन आला. असेल तसेही. पण काल ज्याला तोंड उघडायची छाती झाली नाही, त्याला दोन कोस चालायची बुद्धी कोणी दिली, हे त्या शहाण्यांना कोणी विचारत नाही. पुढे कौलाला पाकळ्या मागायला माणसे आली तेव्हा आवडीने फुलांची परडीच पालथी घातली. विश्राम प्रथमच आईच्या बाजूला उभा राहिला, आणि कौल बंद झाला तो कायमचा.

आजही कातळवाडीत कुणाच्याही घरी मूल जन्मले, की पहिल्या अंघोळीला देवाच्या कलशातले पाणी जाते, आणि त्या दिवशी देव कोरडा राहतो. एखादा पाहुणा हळहळतो, देवाला आज अभिषेक नाही म्हणून कुरकुरतो. गुरवीण फुले ओवता ओवता त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

"पोर न्हाला मा?" ती म्हणते. "मगे देवाची आंघूळ झाली."